नर चारशे, मादी चारशे

सार्वजनिक बागेतले माळीबुवा चौदा वर्षं हंगामी होते. आता त्यांना कायम करण्याचा आदेश निघणार होता. खात्याची अट एवढीच, की त्यांच्या ताब्यातल्या सजीवांची गणना बिनचूक असावी. ताब्यात होता गांडूळखताचा एक वाफा.

गणनेचा तक्ता मूळचा गुराढोरांसाठी छापलेला. माळीबुवांनी ओली माती हातांनी उपसून तीन दिवसांत चारशे गांडुळं मोजली. शिंगांच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. मग नर किती, मादी किती, हा प्रश्न आला. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही, हे त्यांना पक्कं ठाऊक. सरळ माणूस; नर चारशे, मादी चारशे लिहून मोकळे झाले.

आठवड्याभरात नोटीस आली. बेरीज आठशे, वाफ्यात चारशे. उरलेल्या चारशेंच्या अपहाराबद्दल खुलासा करावा.

माळीबुवा कचेरीत गेले. तपासनीस भला होता, त्याने बसायला खुर्ची दिली. माळीबुवांनी त्याला सगळं समजावलं. गांडुळाला डोळे नाहीत, कान नाहीत, ते कातडीनेच श्वास घेतं, आणि नर-मादी दोन्ही एकाच अंगात.

"मला पटतंय हो," तपासनीस म्हणाला. "पण नर अधिक मादी बरोबर एकूण, हे वरून आलंय. खोडाखोड केली तर तुमची फाइल पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा एकेकाचे दोन करा. तुकडे केले तरी जगतात म्हणे."

"शेपटाकडचा तुकडा मरतोच, साहेब. पुढचाही बहुतेक मरतो."

"पाहणी उद्या अकराला आहे. तोवर वळवळले म्हणजे झालं."

सकाळी माळीबुवा खुरपं घेऊन वाफ्याशी बसले. बागेतली सगळी माती या मुक्या जिवांनी भुसभुशीत केली होती, माळीबुवांनी फक्त पाणी घातलं होतं. बागेतल्याच त्यांच्या खोलीच्या दारातून बायको हळूच म्हणाली, "अहो, चौदा वर्षं झाली. टाका करून."

त्यांनी करून टाकलं.

अकरा वाजता आठशे तुकडे मोजले गेले, सगळे वळवळत होते. बेरीज जुळली. आदेश माळीबुवांच्या हातात पडला आणि बायकोने डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळपर्यंत वाफ्यात काही हलेना, पण पाहणी संध्याकाळची नव्हती.

आता खात्याला नावं ठेवायला आपण मोकळे आहोत. फक्त आदेश हातात पडला, तेव्हा तुम्हाला हायसं वाटलं की नाही, ते खरं सांगा. वाटलं असेल तर इकडे या. तक्त्यावर साक्षीदाराची सही अजून राहिली आहे.