टाइलवर बैल घसरते

आभाळ गच्च भरून आलेलं असताना लाकडाला तेल लावत बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या समोरचे नामदेवकाका. शाळेतल्या नोकरीत माझी आर्णीला बदली झाली, त्यांच्या घरासमोर भाड्याची खोली मिळाली आणि पहिल्याच श्रावणात हे दर्शन घडलं. सत्तरी ओलांडलेला देह, बनियन, दुमडलेला पायजमा, हातात ब्रश आणि वर बघून आभाळाला दिलेला दम : "त्याचं काम तो करन, माह्यं मी करतो!"

'तो' म्हणजे पाऊस. तोही काही कमी नव्हता. काकांनी शेवटचा हात फिरवेपर्यंत थांबायचा आणि मग कोसळायचा. काका धावत कापूस झाकायची ताडपत्री आणायचे, घाईत स्वतःही तिच्याखाली अडकायचे आणि आतून पावसाच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकू यायचा.

हा सगळा जीव ज्याच्यासाठी काढायचा, तो काकांच्या दारापुढचा सागवानी फळ्यांचा ओटा. मुलानं, म्हणजे विलासनं, ट्रॅक्टर घेतला तेव्हा बैल विकले गेले आणि गोठा मोडला. त्या गोठ्याच्या लाकडाचा काकांनी उंबऱ्याच्या बरोबरीनं हा ओटा करून घेतला. वर्षभराच्या उन्हात तो राखेसारखा करडा पडायचा. मग काका पॉलिश पेपरनं घासून घासून त्याचं पोट उघडं करायचे आणि जवसाच्या कोमट तेलात तांबडी काव कालवून लावायचे. रंग कोऱ्या चहाचाच पाहिजे. त्यासाठी कोऱ्या चहाचा कप शेजारी ठेवलेला असायचा. एकदा त्यांनी ब्रश चहात बुडवला आणि तेलाचा डबा तोंडाला लावला. आत दाराजवळ खुर्चीत बसलेल्या सुमनकाकू म्हणाल्या, "पिऊन घ्या. आतूनबी पालिस होऊन जाईन."

काकूंचे गुडघे पार गेलेले होते. भिंत धरून खुर्चीपासून पलंगापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास.

ओट्यावर चप्पल चालत नसे, कोणाचीही. मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही काकांनी सुनावलं, "मत देतो, आधी पाय मोकये करा." झालं, ओट्याखाली चपलांचा ढीग लागला. निघताना अशी झुंबड उडाली की उमेदवार एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात कार्यकर्त्याची चप्पल घालून पुढच्या गल्लीत गेला.

ओट्याच्या एका अंगाला रस्त्यापर्यंत रुंद उतार होता. तो गाडी चढवायलाच असणार असं समजून मी एकदा माझी स्कूटर चढवली. "सर! उतरवा ते पहिले! इथं गाडीचं काम नाही!" मग उतार कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

विलास यवतमाळला राहायचा आणि रविवारी यायचा. "बाबा, टाइल लावून टाकू. दरसालचं झंझट खतम."

"टाइलवर बैल घसरते."

"पन बैल हाय कुठी आपल्या घरी?"

"घसरते म्हनलं न!"

यापुढे चर्चा बंद. अख्ख्या गल्लीला हे वाक्य पाठ होतं. कोणी नवं घर बांधायला काढलं की लोक डोळा मारून म्हणत, "टाइल नका लावू, बैल घसरते." मीसुद्धा हसायचो.

त्या वर्षी मात्र विलास टाइलच्या पेट्या घेऊनच आला. पोळ्यानंतर मिस्त्री येणार होता. काका नुकत्याच तेल लावलेल्या ओट्यापुढे दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. "माह्या मढ्यावर लाव टाइल. तवापर्यंत फयीले हात नाही लावाचा!"

"आई पडन न एखाद्या दिवशी या तेलानं! मग?"

विलासही चुकीचं बोलत नव्हता. काका पुन्हा तेलाचा ब्रश घेऊन बसले.

दरवर्षी पोळ्याला मी माझ्या गावी असायचो आणि विलास यवतमाळला; त्या खेपेला दोघंही इथंच होतो. पोळ्याच्या संध्याकाळी तांड्यावरचा परसराम आपली सजवलेली जोडी घेऊन गल्लीत आला. काकांचे बैल त्यानंच घेतले होते. काकांचं घर आलं आणि म्हाताऱ्या ढवळ्यानं कासरा ओढला. सरळ त्या उतारावर पाय ठेवला आणि धप्प धप्प करत ओट्यावर चढला. पावसामुळे तेल अजून वाळलेलंही नव्हतं. आता काका काय करतात म्हणून मी डोळेच मिटले.

"ओढू नको, परसराम! येऊ दे त्याले!" हा काकांचाच आवाज.

डोळे उघडले तर काकू खुर्चीतून उठल्या होत्या. एक हात भिंतीवर. मग भिंत संपली. तरी त्या अनवाणी पावलांनी, एकेक पाय चाचपत, ढवळ्यापर्यंत आल्या आणि त्याच्या मानेला धरून उभ्या राहिल्या. खुरांवर पाणी ओतलं, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. वर आलेल्या बरगड्यांवरून हात फिरवत "लय वायला रे बाप्पा," म्हणाल्या आणि त्याच्या कपाळाला कपाळ लावून रडल्या. विलास ताट धरून उभा होता. तो फळ्यांवर घट्ट रोवलेल्या खुरांकडे बघत राहिला. काका कोपऱ्यात पाठ करून कोरडाच ब्रश पुसत होते.

परसराम मला हळूच म्हणाला, "पह्यले इथं पायऱ्या होत्या, सर. एका पोयाले काकूले उतरताच नाही आलं. घुंगराचा आवाज ऐकून अंदरच रडत बसली. दुसऱ्या साली काकानं पायऱ्या फोडल्या अन् हा ओटा अन् उतार केला."

दुसऱ्या दिवशी विलासनं टाइलच्या पेट्या परत टेम्पोत भरल्या. काका ओट्याशी बसले होते. चिकट तेलात खुरांचे ठसे उमटले होते आणि दारापासून त्या ठशांपर्यंत काकूंची पावलं.

"काका, तेल पुन्हा लावावं लागेल," मी म्हणालो.

"पुढच्या पोयाले. ढवया म्हातारा झाला, सर. तो येते का नाही, तुमची काकू उठते का नाही, कोनाले मालूम? आपन वाट तय्यार ठेवाची." त्यांनी भरून आलेल्या आभाळाकडे पाहिलं. "त्याचं काम तो करन," म्हणाले, पण या वेळी दम दिला नाही. ताडपत्री उलगडून त्यांनी ती पावलांवर अलगद धरली. "ते टोक धरा जरा."

मी चपला काढल्या आणि वर चढून टोक धरलं.