चेंडूवर बसलेली गठुडी

"एक कोंबडी आणि एक आठवडा, बस! प्राण्यांची काळजी कशी घ्यायची, ते आपली चिमुरडी तुम्हालाच शिकवतील!" बालवर्गाच्या बाईंनी मोठ्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्गात घाण होता कामा नये." झाली परवानगी!

कोंबडी दिली शाळा झाडणाऱ्या मावशींनी. लठ्ठ, तांबडी, आणि चेहऱ्यावर कायम 'आपण कोण?' असा भाव. मुलांनी तिचं नाव ठेवलं गठुडी. तिला वेळेवर दाणे लागतात, ताजं पाणी लागतं, कोरडी जागा आणि निवांतपणा लागतो, असं बाईंनी शिकवलं. तिला हात लावला की आपले हात साबणाने धुवायचे, हेही शिकवलं. मुलांनी ते इतकं मनावर घेतलं, की दोन दिवसांत साबणाची नवी वडी झिजून चिंचोक्याएवढी झाली!

तिसऱ्या दिवशी गठुडी खेळण्यांच्या टोपलीत जाऊन बसली ती बसलीच. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. दाण्यांकडे ढुंकूनही बघेना.

"बाई, ती आजारी आहे," वर्गातली चष्मेवाली म्हणाली. तिच्या शेजारचा बडबड्या तर चक्क गप्प झाला होता!

बाईंचं धाबं दणाणलं. त्यांनी तडक जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. म्हशींना इंजेक्शन देणारा हा धिप्पाड माणूस बालवर्गाच्या खुर्चीत बसला आणि उठताना खुर्चीसकट उठला! तरी एकही मूल हसलं नाही.

"ती वाचेल ना?" चष्मेवालीने विचारलं.

डॉक्टरांनी गठुडीला अलगद उचललं. खाली लाल रबरी चेंडू!

"अगदी ठणठणीत आहे. खुडूक झालीय, म्हणून अंडं समजून चेंडू उबवतेय. रोज एकदा उठवून दाणापाणी द्या, अंगणात फिरवा. बाकी वेळ तिला त्रास देऊ नका. खरं अंडं असतं, तर एकवीस दिवसांत पिल्लू आलं असतं."

वीस चेहरे बाईंकडे वळले. त्या चेहऱ्यांकडे बघून बाईंना राहवलं नाही. "येईल हं, पिल्लू येईल!" त्या बोलून गेल्या. मग जीभ चावली. पण उशीर झाला होता.

झालं! त्या दिवसापासून अख्खी शाळा कुजबुजीत चालू लागली. कविता कुजबुजत, हजेरी कुजबुजत. "काय चाललंय इथे?" असं गरजत मोठ्या बाई आत आल्या, तर वीस बोटं ओठांवर! मोठ्या बाई आठवड्याची मुदत वाढवून चवड्यांवर परत गेल्या. मावशींनी तर घंटेला फडकं गुंडाळलं. चष्मेवाली रोज वाटी घासून ताजं पाणी भरायची. बडबड्या गठुडीला उन्हात फिरवायचा आणि तिच्या कानात, म्हणजे कान जिथे असेल असं त्याला वाटायचं तिथे, दिवसभराच्या बातम्या सांगायचा.

बाई रोज फळ्यावर एक रेघ ओढायच्या. रोज ठरवायच्या, उद्या खरं सांगून टाकू. उद्या काही उजाडेना.

एकविसाव्या दिवशी शाळा भरण्याआधीच बाई भोकं पाडलेला डबा घेऊन वर्गात शिरल्या. डब्यात विकत आणलेलं कोंबडीचं पिल्लू! त्यांनी गठुडीला हळूच उचललं, तर खाली आधीच एक तपकिरी पिल्लू. "अगं बाई!" त्याच्यामागे एक काळं. आणि त्याच्यामागे एक पिवळं, चपट्या चोचीचं!

मागे कोणीतरी खाकरलं. दारात मावशी केरसुणीशी चाळा करत उभ्या होत्या. त्यांच्यामागे मोठ्या बाई छताची पाहणी करत होत्या. आणि सर्वांत मागे डॉक्टर.

"मी आपलं सहज तपासायला आलो होतो," डॉक्टर लाजून म्हणाले. "कोंबडीचं मिळालं नाही हो. बदकाचं मिळालं."

बाईंनी मुकाट्याने डबा उघडला. गठुडीने चौथंही पिल्लू पंखाखाली ओढून घेतलं. तिची काही तक्रार नव्हती!

मुलं आली. ओळीने उकिडवी बसली. श्वासाचासुद्धा आवाज नाही. चष्मेवालीने जाऊन उथळ ताटली शोधून आणली, कारण खोल वाटीत पिल्लं बुडली असती.

"बघा! आली की नाही पिल्लं?" बाई म्हणाल्या. तेवढ्यात गठुडी जराशी सरकली, आणि लाल चेंडू अख्खाच्या अख्खा बाहेर घरंगळला.

बाईंचा चेहरा पडला. बडबड्याने तोंड उघडलं, तोच चष्मेवालीने त्यावर हात ठेवला.

"बोलू दे त्याला," बाई पुटपुटल्या.

"चेंडूतून पिल्लू येत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं!"

"मग बोलला का नाहीत रे?"

चष्मेवाली बाईंच्या मांडीला टेकून बसली आणि त्यांना थोपटत, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, रेघ ओढताना तुम्ही किती खूश असायचात! तुम्हाला कसं सांगायचं?"