डाव्या खांद्याची बंदूक

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या हिरूताई घरत बंदुकीला कुंकू लावू देत नाहीत.

खंडेनवमीला आम्ही मजल्यावरच्या बायका ताट घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, आपल्या मजल्यावर शस्त्र आहे तर त्याची पूजा व्हायला हवी. तर बाई दारातच आडव्या. "वैनी, कुंकू नको. कुंकवानं गंज धरतो. कपाटाला लावा. कपाट रंगवलेलं हाय, त्याला काय होत नाय." मग आम्ही त्या लोखंडी कपाटाला कुंकू लावलं, कपाटाला ओवाळलं, कपाटापुढे पेढे ठेवले. आत तीन बंदुका तेल पिऊन निवांत उभ्या होत्या. त्यांना पत्ताही नाही की बाहेर आपला सण चाललाय.

तीन बंदुका म्हटल्यावर तुम्ही घाबरू नका. मीही आधी घाबरले होते. आम्ही डोंबिवली सोडून इथे पनवेलजवळ रोडपालीला आलो, तेव्हा एजंटनं शेजार चांगला आहे एवढंच सांगितलं होतं. हिरूताई सत्तरीला टेकलेल्या, अंगानं बारीक, केसांत अबोलीचा गजरा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मूळ जवळच्याच कोन गावच्या. वडील फौजेत होते. परत आल्यावर शेतात रानडुकरं शिरतात म्हणून त्यांनी परवान्यावर बंदूक घेतली. पुढे शेत गेलं, डुकरंही गेली आणि वडीलही गेले. उरली बंदूक, ती परवान्यासकट लेकीकडे आली. त्यात हिरूताईंना छंद लागला जुन्या फौजी बंदुकांचा. महायुद्धाच्या वेळी कुठल्यातरी शिपायानं खांद्यावर वाहिलेल्या, नंतर नळी बदलून साध्या माणसाच्या परवान्यात बसवलेल्या अशा बंदुका. घरचे लोक काय म्हणतात? घरात लोकच नाहीत. मालक बंदरात कामाला होते, ते वारले. लेक उलव्याला दिलेली. ती फोनवर एवढंच विचारते, "आई, कपाट बंद हाय ना?"

निवडणूक लागली की परवान्यावरची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. हिरूताई त्यांना अशा पोचवतात, जशी पहिलटकरीण दवाखान्यात पोचवावी. हवालदाराला सूचना, "उभ्या ठेवा बरं का, आडव्या नको. आन खिडकीजवल नको, तिथं दमट हाय." एकदा रिक्षावाल्यानं त्या लांब पिशवीकडे बघून विचारलं, "काकू, भजनाला का?"

"हां," हिरूताई म्हणाल्या, "पन आमच्या भजनात एकच ठोका आसतो."

त्यानं पुढचा सगळा रस्ता आरशातून पिशवीवर नजर ठेवली.

रविवारी त्या नेमबाजीच्या मैदानावर जातात. कर्जतच्या बाजूला डोंगराच्या पोटात एका क्लबाची जागा आहे. मला आधीपासून चौकशा फार, म्हणून एकदा मी म्हटलं, मीही येते. तेव्हापासून दर रविवारी मी डबा घेऊन जाते आणि मागच्या बाकावर कान झाकून बसते. आमचे हे म्हणतात, या वयात तुला हे काय सुचलं? मी म्हणते, या वयात सुचलं म्हणून जमलं, आधी तुमच्या डब्यातून सवड कुठे होती?

तर पहिल्या रविवारची गोष्ट. हिरूताई टेबलाशी बसल्या. वाळूच्या पिशवीवर बंदुकीची नळी टेकवली. ही त्यांच्या वडिलांची बंदूक, तिला त्या "बाबाची" म्हणतात. बंदूक उजव्या खांद्याला लावली, श्वास सोडला आणि बार. समोरच्या कागदावर मधल्या काळ्या गोळ्यात भोक. पुन्हा बार, पुन्हा तिथेच. मग दुसरी, "वकिलाची". पनवेलमधल्या एका वकिलाच्या घरातून आलेली, वकील गेल्यावर मुलांना ती घरात नको होती. तीही बरी लागली.

मग तिसरी निघाली. तिसरी निघताच मैदानावरचे शिर्के सर, म्हणजे तिथले शिकवणारे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, आभाळाकडे बघायला लागले.

हिरूताईंनी खुर्ची फिरवली आणि ती बंदूक डाव्या खांद्याला लावली. आता, या बंदुकांचा खटका, म्हणजे पुढची गोळी चढवायची दांडी, असते उजवीकडे. म्हणजे प्रत्येक वेळी डावा हात वरून पलीकडे न्यायचा, खटका मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. त्यात चष्मा नाकावरून घसरतोय, पदर खटक्यात अडकतोय, गजरा कानावर आलाय. शेवटी बार झाला. कागद कोरा.

"कुठं लागलं, सर?"

"मातीत लागलं, ताई."

"लागलं ना पन," म्हणून त्या पुन्हा सरसावल्या.

सगळ्या गोळ्या मातीत. डबा उघडल्यावर मी विचारलं, "हिरूताई, तुम्ही तर उजव्या. मग ही एकच डावीकडून का?"

"त्याला तीच सवय हाय."

"कुणाला?"

त्यांनी बंदूक माझ्यापुढे धरली आणि लाकडावर बोट फिरवलं. "उजवा मानूस उजव्या खांद्याला लावतो. म्हंजे गाल टेकतो तो लाकडाच्या ह्या डाव्या अंगाला. बरोबर? आता ह्याचं बगा. डावं अंग खडबडीत. आन उजवं बगा, कसं गुलगुलीत झालंय. गालानं. म्हंजे ज्याची व्हती तो डावरा व्हता."

सगळ्या बंदुका त्यांच्या बोलण्यात "ती", हा एकटा "तो". त्याचं नावच "डावरा".

शिर्के सर चटणी घ्यायला आले होते, ते म्हणाले, "ताई, मी किती वेळा सांगितलं. फौजेत डावं चालत नसे. कवायतीत सगळे उजवे. एखादा डावखुरा निघाला तर त्याला उजवा करून सोडायचे. ही बंदूक वर्षानुवर्षं कुठल्यातरी भिंतीला घासली असणार."

"भिंतीला गाल आसतो का, सर?"

सर चटणी घेऊन परत गेले.

मग माझ्याही चौकशा सुरू झाल्या. कोण असेल हा? हिरूताईंना रोज काहीतरी नवं सुचायचं. भाजी निवडताना म्हणायच्या, "वैनी, सातारचा आसल का? का गोरा आसल? गोऱ्यांत डावरे आसतात का?" मी म्हटलं, असतीलच की, हात तर सगळ्यांना सारखेच. त्यांना ते पटलं. कधी लाकडावरची एक खाच दाखवायच्या. इथं त्याचा दात लागला असेल, थंडीनं कुडकुडत असेल बिचारा. कधी लाकडाचा वास घ्यायच्या. म्हणायच्या, तंबाखू नव्हता खात. हे त्यांना वासावरून कसं कळलं, ते मला अजून कळलेलं नाही. पण रविवार आला की त्याच्यासाठी खुर्ची फिरायची आणि मातीत धूळ उडायची.

आणि मग नियम आला. एका परवान्यावर तीन बंदुका चालायच्या त्या आता दोनच. जास्तीची तिसरी मुदतीच्या आत पोलिसांकडे जमा करायची, आणि ही निवडणुकीसारखी नव्हे, कायमची. गेली ती परत येणार नाही.

हिरूताईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांनी कपाट उघडलं, तिन्हींकडे बघितलं आणि कपाट पुन्हा बंद केलं. त्या दिवशी गजरा नव्हता.

सोसायटीत मात्र उत्साह. बातमी कशी फुटली देव जाणे, सेक्रेटरींनी ग्रुपवर मतदानच ठेवलं, हिरूताईंनी कुठली बंदूक द्यावी? ज्यांनी जन्मात बंदूक पाहिली नाही त्यांनीही मत दिलं. एक सोडून सगळी मतं डावऱ्याच्या विरुद्ध. एका मतानं म्हटलं, तिन्ही द्या आणि योगासनं करा. ते मत आमच्या ह्यांचं होतं. लेकीचं मत डावऱ्यालाच द्या असं. शिर्के सरांनी तर हात जोडले, "ताई, ती नेमाला वाकडी आहे असं मी म्हणत नाही, पण तुमच्या हातात ती वाकडीच जाते. बाबांची ठेवा. तुमचं सोनं आहे ते."

खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

मुदत संपत आली. एका सकाळी हिरूताईंनी माझी बेल वाजवली. एक लांब पिशवी खांद्याला, चेहरा धुतलेला. "वैनी, येता का बरोबर?" मी चप्पल घातली. मनात म्हटलं, बिचारा डावरा.

पोलीस ठाण्यात साहेब यायचे होते म्हणून आम्हाला बाकावर बसवलं. हिरूताईंनी पिशवीची चेन थोडी उघडून आत हात घातला, बाळाला ताप आहे का बघावं तसा. मला आतलं लाकूड दिसलं. ते डाव्या अंगाला गुळगुळीत, काळसर, मी इतक्या रविवारी पाहिलेलं.

"हिरूताई, ही बाबांची."

"हां."

"चुकून उचललीत की काय? रिक्षा करते, घरी जाऊन बदलून आणू."

"चुकून नाय, वैनी." त्यांनी चेन लावली. "मी डावरी हाय."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. यांच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या मी किती खाल्ल्या असतील. थापताना, चिरताना, लिहिताना, सगळीकडे उजवा हात पाहिलेला.

"व्हते," त्या म्हणाल्या. "लहानपनी. घास डाव्या हातानं उचलायचे. आय वरडायची. बाबा नाय वरडला. बाबा फौजी मानूस. त्यानं बंदुकीचा पट्टा सोडला आन माजा डावा हात कमरेला बांदला. मारलं नाय, कदी बोटबी लावलं नाय. जेवायला बसले का बांदायचा, जेवन झालं का सोडायचा, आन वर लाडानं गुलाचा खडा द्यायचा. एक पावसाला गेला, मी उजवी झाले."

समोर एक पोलीस पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता. हिरूताई त्याच्याकडे बघत बोलत होत्या.

"राग नाही आला कधी?"

"बाबाचा? नाय वो. त्यानंच मना नेम शिकवला. ही बंदूक मना कदी चुकवत नाय, तुमी बगताच ना. चांगली हाय, हिला कुनीबी संबालंल. पन डावऱ्याला कोन ठेवनार? मोडीत जाईल तो." त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. "सर बोलतात ना, फौजेत डाव्याला उजवा करायचे. म्हंजे ह्यालाबी केला आसल. तरी ह्यानं गुपचूप डावाच खांदा लावला, इतका येल का लाकूड झिजलं. बंदुकांच्या दुकानात त्याच्यावर हात फिरवला तवा मना..." त्यांनी वाकून गुडघ्याचा पट्टा घट्ट केला.

मी पिशवीचं एक टोक माझ्या मांडीवर ओढून घेतलं.

साहेब आले. एका पोलीस पोरीनं बंदूक हातात घेतली, उघडून पाहिली, तेल पुसलेली नळी उजेडाकडे धरली आणि तिला कौतुक वाटलं. "काकू, केवढी छान ठेवलीय. जीव होत नसेल ना द्यायला?" मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तो जुना कातडी पट्टा हातात घेतला. "हा जमा नाही केला तरी चालेल. काढून देऊ? वडिलांची आठवण राहील."

हिरूताईंनी पट्ट्याकडे पाहिलं. दोन बोटांत धरून जरा दाबून पाहिला, मऊ झाला होता.

"नको, बाय. तिच्याच अंगावर ऱ्हाऊ दे." आणि मग नेहमीच्या आवाजात, "उभी ठेवा. आडवी नको."

पुढचा रविवार आला. मला वाटलं, या आता येणार नाहीत. पण बेल वाजली, दाराशी दोन पिशव्या, केसांत गजरा. मैदानावर त्यांनी आधी वकिलाची काढली. ही सरळ लागणारी, उजव्या माणसाची. हिरूताई बसल्या, आणि त्यांनी खुर्ची फिरवली.

शिर्के सर लगबगीनं आले. "ताई, ही उजवी आहे. हिचं लाकूड डाव्या अंगाला झिजलंय. तुम्हीच मला दाखवलं होतं."

"ठावं हाय, सर."

डावा खांदा, डावा डोळा, चष्मा घसरलेला. बार झाला. कागद कोरा. मी मातीकडे पाहिलं, तर तिथेही धूळ नाही. शिर्के सरही गोंधळले. शेजारच्या टेबलावर खारघरचे एक बँकवाले साहेब बसतात, ते दुर्बिणीतून आपल्याच कागदाकडे टक लावून बघत होते आणि बोटांवर काहीतरी पुन्हा पुन्हा मोजत होते.

हिरूताईंनी बंदूक खाली ठेवली, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे वाकून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कागदावर एक भोक जास्त हाय का? आसल तं ते माजं हाय."