भिंतीवरच्या वीस चौकटी

तिमण्णा हेगडे मास्तरांनी विसावा फोटो भिंतीवर चिकटवला, दहा पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बंद पडलेली भाताची गिरणी, नदीकाठचं जकातघर, कौलं उडालेली शाळा, ज्या इमारतींकडे होन्नेगद्दे गावच्या लोकांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या आज सागवानी चौकटींत ऐटीत बसल्या होत्या. चौकटी अर्थात कॉम्प्युटरवर काढलेल्या. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून मास्तर ही विद्या शिकले होते. आधी लाकडाच्या रेषा, मग आतली सोनेरी कड, आणि शेवटी चौकटीखालची पुसट सावली. ती पडली की सपाट कागद भिंतीपासून दोन बोटं सुटल्यासारखा दिसे. पहिला नमुना घरी लावला, तेव्हा त्यांच्या पत्नी गौरक्का चौकटीवरची धूळ पुसायला फडकं घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी मास्तर दोन घास जास्तच जेवले.

सभागृह म्हणजे गावची जुनी धर्मशाळा. ती सांभाळणाऱ्या सहकारी सोसायटीचे अध्यक्ष विघ्नेश्वर भट यांनी ती नुकतीच फिकट गुलाबी रंगवून घेतली होती आणि प्रदर्शनाला परवानगी देताना एकच अट घातली होती: भिंतीला एकही खिळा लागता कामा नये. म्हणून तर मास्तरांनी मैद्याची खळ करून फोटो चिकटवले होते.

उद्‌घाटनाच्या दिवशी सकाळी भट आले आणि दारातच थबकले.

"मास्तर, वीस खिळे?"

मास्तरांनी लगेच खरं सांगायला हवं होतं. पण सोसायटीचा अध्यक्ष आपल्या सावलीला फसला, हे सुख त्यांना दोन मिनिटं तरी उपभोगायचं होतं. ते नुसतेच हसले. भटांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी तिथंच मांडव बांधत असलेल्या दुग्गा आचारीला, आडनावानं आचारी पण धंद्यानं सुतार, हाक मारली आणि सगळ्या चौकटी उतरवायला सांगितल्या.

दुग्गानं गिरणीच्या चौकटीखाली बोटं घालायचा प्रयत्न केला. बोटं भिंतीवर आपटली. त्यानं बाजूनं घालून पाहिली, मग नखानं कोपरा उचकटला. "थांब, तो कागद आहे," असं मास्तर ओरडेपर्यंत त्यानं जोर लावला होता. गिरणी अख्खी निघाली आणि तिच्यामागून भटांचा गुलाबी रंगही पापुद्र्यासारखा सोलून आला.

भटांचा चेहरा भिंतीपेक्षा गुलाबी झाला होता. पण दुग्गा भिंतीजवळ वाकला आणि उघड्या पडलेल्या जागेवरून त्यानं हलकेच तळवा फिरवला.

"भटरे, इथं हत्ती आहे."

खरंच होता. पांढऱ्या चुन्यात कोरून गेरूनं रंगवलेला, सोंड वर केलेला हत्ती. किती पिढ्यांच्या सफेद्या अंगावर घेऊन उभा होता कोण जाणे. दोन वर्षं मास्तर कॅमेरा घेऊन मैलोन्‌मैल हिंडले होते. रोज ज्या धर्मशाळेच्या कट्ट्यावर बसून कषायाचा गरम काढा प्यायचे, तिचा मात्र त्यांनी एकही फोटो काढला नव्हता.

तासाभरात अर्धं गाव हत्तीपुढे जमलं. भट प्रत्येकाला सांगू लागले की रंगकाम काढलं म्हणून तर हे सापडलं. हत्तीला उघडं ठेवणं त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांनी स्वतः हुकूम सोडून दुग्गाकडून खऱ्या सागवानाची चौकट करून घेतली आणि भिंतीला ठोकवली. मास्तरांच्या मनाला थोडं लागलं. एकोणीस फोटोंकडे कुणी फिरकत नव्हतं.

दुपारी धारवाडहून पाहुण्या आल्या, चित्रकलेच्या प्राध्यापिका उमादेवी. त्यांनी पहिल्याच चौकटीला बोट लावलं, ते कागदावरून सरकलं आणि त्या खुलल्या. मग एकेक फोटो त्यांनी जवळून, लांबून, तिरक्या नजरेनं पाहिला. चौकटी कशा काढल्या, सावली किती गडद ठेवली, सगळं विचारून घेतलं. मास्तर विद्यार्थ्यासारखे उत्तरं देत होते. भट मागून निमूट चालत होते.

शेवटी त्या हत्तीपाशी थांबल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"हत्ती सुरेख घेतलाय तुम्ही. पण मास्तर, राग मानू नका, बाकीच्यांपुढे ही चौकट जरा खोटी वाटते. सावलीसुद्धा जमलेली नाही."

दुग्गा आचारीनं मान खाली घातली. भटांनी काही सांगायला तोंड उघडलं, पण मास्तरांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"घाईत झाली, बाई," ते नम्रपणे म्हणाले. "पुढच्या वेळी सुधारतो."