उचलणाऱ्यांची यादी

सकाळी सूपाची वाटी तोंडाला लावता लावता हिरानुमांच्या एकदम लक्षात आलं, की आज अंतिम सामन्यात आपला संघ जिंकला तर आपलं काही खरं नाही.

"काय हो, थांबलात का?" बायकोनं, सुमीएनं विचारलं.

"जिंकलो तर पोरं मला हवेत उडवतील."

"मॅनेजरला उडवतातच. तुम्हाला तीनदा उडवलंय की."

"तेव्हा कंबर धड होती. आता डॉक्टर म्हणतो, एकदा आपटलात की कायमचे खुर्चीत."

"मग पोरांना सांगा, जपून झेला म्हणावं."

"अगं, पोरांचीच तर भीती वाटतेय!"

भीती खोटी नव्हती. खेळाडू म्हणून हिरानुमांची चौदा वर्षं बाकावर बसण्यात गेली. मॅनेजर झाल्यावर त्यांनी त्याचं उट्टं काढलं. कारखान्याच्या बेसबॉल संघाला तीन अजिंक्यपदं मिळवून दिली, ती पोरांची सालटी काढून. हाताला फोड येईस्तोवर बॅट फिरवायची, चेंडू सुटला की मैदानापुढं वाकून माफी मागायची. मुराईचा बाप वारला, तर दुसऱ्या दिवशी सामना म्हणून त्याला अंत्यविधीलाही सोडलं नव्हतं. आज खाली हात असणार ते याच पोरांचे.

बसमध्ये त्यांनी कागद काढून यादी केली. डोक्याखाली कप्तान ओत्सुका. कमरेखाली सेकी आणि नागाता. दोघांची नुकतीच लग्नं झालेली, नोकरीची गरज आहे. उड्या तीनच. मुराईनं दहा पावलं लांब राहावं.

ही यादी ओत्सुकाला गुपचूप द्यायची होती. ती फलंदाजीच्या क्रमाच्या कागदात राहिली आणि सहायक काजिवारानं दोन्ही कागद खेळाडूंच्या खोलीतल्या फळ्यावर टाचले.

"हे का लावलंस?"

"तुम्हीच दिलंत, साहेब."

"वाचायचं तरी!"

"तुमच्या लिहिण्यावर शंका काढायची नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

फळ्यापुढं अख्खा संघ उभा होता. कुणी हसलं नाही. मुराईनं टोपी काढली.

"दहा पावलं कुठून मोजायची, साहेब?"

"माझ्यापासून," हिरानुमा बुटांकडे बघत म्हणाले.

शेवटच्या डावात बरोबरी होती आणि मुराई बॅट घेऊन उभा राहिला. त्यानं चेंडू उंच मारला. आपलंच पोर झेलबाद व्हावं म्हणून हिरानुमांनी जन्मात पहिल्यांदा देवाची करुणा भाकली. चेंडू भिंतीपलीकडे गेला आणि संघ जिंकला.

पोरं धावत आली आणि नेमून दिलेल्या जागी उभी राहिली. मुराई पावलं मोजत लांब गेला. हिरानुमांनी डोळे मिटले. एक, दोन, तीन. काचेचं भांडं ठेवावं तसं त्यांना खाली ठेवलं गेलं. सगळ्यांनी रांगेत वाकून नमस्कार केला.

"झालं, साहेब," ओत्सुका म्हणाला.

मग सगळे आरडत मुराईकडे पळाले. त्याला कुणी कुठं धरावं याला धरबंध नव्हता. पाचव्या उडीला तो हातांतून निसटून धाडकन मातीत पडला आणि चारजण त्याच्यावर पडले. मुराई बापाला हाका मारत ढसाढसा रडत होता, आणि पोरं त्याला आणखीच घट्ट कवटाळत होती.

"कंबर बरी आहे ना, साहेब?" काजिवारानं विचारलं.

"काहीसुद्धा झालं नाही," हिरानुमा म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं. न राहवून ते पोरांच्या दिशेनं निघाले.

काजिवारानं अदबीनं त्यांचा हात धरला. "तिकडे नको, साहेब. धक्काबुक्की चाललीय. उगाच लागेल तुम्हाला."