डॉरिस भडकली!

"डॉरिसची नाडी माझ्याइतकी जगात कुणाला कळत नाही!" असं मर्व्ह ट्रिगेन्झा छाती फुगवून सांगायचा. सांगायचा कुणाला, हाच प्रश्न होता. ऑस्ट्रेलियातल्या कूनाबॅराब्रन गावाजवळच्या डोंगरावर, वेधशाळेच्या त्या टोकाला त्याच्याशिवाय फक्त ऑफिस सांभाळणारी नोलीन बसायची. तिने हे वाक्य नऊ वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की तीही ओठ हलवून साथ द्यायची.

डॉरिस ही एक दीर्घिका. यादीत तिला नुसता नंबर होता, म्हणून मर्व्हने नाव ठेवलं. तिच्या पोटात एक कृष्णविवर बसलेलं, वायू गिळत आणि अतिनील प्रकाश ओकत. तो प्रकाश किती कमीजास्त होतो यावरून विवराचं खाणंपिणं कळतं. हा प्रकाश हवेतून खाली पोचत नाही, म्हणून वरून एक उपग्रह बघायचा आणि दर तिसऱ्या सकाळी मर्व्हला आकडे पाठवायचा. नऊ वर्षांत डॉरिसने काही म्हणजे काही केलं नव्हतं.

मर्व्ह तिच्याकडे डोळे लावून बसला होता तो वेगळ्याच कारणाने. त्याची मुलगी टॅम्सिन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थला, घोड्यांची डॉक्टर. तिची आई गेली आणि फोन कमी होत गेले. शेवटच्या फोनवर ती म्हणाली, "डॅड, तुझ्या डॉरिसने काही केलं की कळव हं!" ती बोलून विसरली, पण मर्व्हने ते मनावर घेतलं. डॉरिस काही करेना, मग फोन कोणत्या तोंडाने करायचा? अशी दीड वर्षं गेली. संध्याकाळी तो टोस्टवर डब्यातले बीन्स ओतून सिंकपाशी उभ्यानेच खायचा. एकट्यासाठी टेबल मांडणं त्याच्या जिवावर यायचं.

आणि एका मंगळवारी त्याने नव्या कॉम्प्युटरवर आलेख उघडला, तर रेघ सरसर वर चढलेली!

"नोलीन! डॉरिस भडकली!"

"अग्निशमनला फोन लावू?"

"टॅम्सिनला लावायचाय!" आणि त्याने नंबर फिरवलासुद्धा.

"खरंच, डॅड?" टॅम्सिन ओरडली. "शनिवारी येते मी!"

झालं! दुपारपर्यंत नोलीनने गावभर केलं. महिला मंडळाने दोनशे लॅमिंग्टन केक करायला घेतले. खाटकाने हॉलबाहेर फुकट सॉसेज भाजायचं जाहीर केलं. मर्व्हने जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ईमेल ठोकली आणि आयुष्यात दुसऱ्यांदा शर्टाला इस्त्री केली.

शनिवारी हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत टॅम्सिन. मर्व्हने पडद्यावर आलेख दाखवला. "बघा! नऊ वर्षांत पहिल्यांदा!"

टाळ्या! टॅम्सिनने मात्र शाळेतल्यासारखा हात वर केला.

"डॅड, डावीकडचे आकडे वर जाताना वाढतायत."

"मग? तेज वाढतंय!"

"मी सात वर्षांची असताना तूच शिकवलंस ना? तुमच्या धंद्यात तेज कमी झालं की आकडा मोठा होतो. म्हणून तुम्ही मोठे आकडे खाली लिहिता."

मर्व्हने पडद्याकडे पाहिलं. जुना कॉम्प्युटर नऊ वर्षं आकडे आपले आपण उलटे मांडायचा. नव्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. डॉरिस भडकली नव्हती, ती विझत चालली होती.

"पण सॉसेज मिळणार ना?" मागून कुणीतरी विचारलं.

मिळाले. लोकांनी मनसोक्त खाल्लं, मर्व्हच्या पाठीवर थापा मारल्या आणि घरी गेले. त्या संध्याकाळी टॅम्सिनने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर बाप सिंकपाशी उभा राहून बीन्स खात होता. खुर्च्यांवरचे कागद तेवढे उचलून तिने कपाटात कोंबले.

रविवारी गाडीपाशी मर्व्ह म्हणाला, "एवढ्या लांबून उगाच आलीस, पोरी. फार लाज वाटतेय मला. आता डॉरिसने खरंच काही केलं की—"

"नाही केलं तरी कळव," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. मर्व्हने ते तीनदा तपासले, सुलटे आणि उलटे. विझणंही थांबलं होतं, रेघ पुन्हा सपाट. घरी आल्यावर फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"टॅम्सिन, डॉरिसने काहीही केलेलं नाही."

"बरं. जेवलास का?"

"लॅमिंग्टन. अजून एकशेचाळीस उरलेत."

"बसून खातोयस ना?"

"हो तर!" मर्व्ह म्हणाला आणि आवाज न करता खुर्ची ओढली.