संबंधित विभाग

रविवारी जेवता जेवता लुओ गुरुजींनी भाताचा वाडगा बाजूला सारला, चष्मा चढवला आणि लॅपटॉप कंपनीचं उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं.

"'आपली सूचना आमच्यासाठी अमूल्य आहे. ती संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' बघा. परत अमूल्य. नवा प्रोसेसर कधी बसवणार, एवढंच विचारलं होतं मी."

त्यांचा जावई यू-आन याच्या घशात माशाचा काटा अडकला. हे वाक्य त्यानंच शुक्रवारी कंपनीच्या तक्रार कक्षात बसून 'संतप्त बगळा' नावाच्या ग्राहकाला पाठवलं होतं. संबंधित विभाग असा काही नव्हताच. होता तो यू-आन.

तो तक्रार कक्षात बसतो, हे घरात फक्त त्याच्या बायकोला, शिउ-लानला ठाऊक होतं. लग्न जमवणाऱ्या मावशीनं "मुलगा लॅपटॉपच्या कंपनीत आहे" एवढंच सांगितलं होतं. लॅपटॉप तोच बनवतो, हे गुरुजींनी पदरचं घातलं आणि अख्ख्या गल्लीला सांगितलं.

गुरुजींचा संताप अनाठायी नव्हता. निवृत्त झाल्यापासून ते पक्ष्यांचे व्हिडिओ बनवत, आणि त्यांचा जुना लॅपटॉप एक बगळा उडवायला रात्र घेई. यंत्रानं गुणी बाळासारखं वागावं म्हणून सगळं तैपेई ठेवतं तसं, नावातच 'गुणी' असलेल्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट त्यांनीही त्यावर ठेवलं होतं. लॅपटॉप इतका तापे, की कुरकुरे दुसऱ्यांदा भाजून निघत.

"प्रोसेसर शिन्चूत बनतो. इथून तासाभरावर," गुरुजी म्हणाले. "तिथून अमेरिकेला पोचतो, यांच्यापर्यंत पोचत नाही."

"मग दुसऱ्या कंपनीचा घ्या की," सासूबाई म्हणाल्या.

"जावई या कंपनीत असताना? गल्लीत तोंड कुठे दाखवू?"

"मग जावयालाच विचारा."

"कंपनीची गुपितं असतात. त्याला कशाला अडचणीत आणू? यू-आन, हा उत्तरं लिहिणारा ठोंब्या माहितीये का रे तुला?"

"मोठी कंपनी आहे, बाबा."

"भेटला तर सांग त्याला, पगार घेतोस तर एखादं वाक्य तरी स्वतःचं लिही."

त्याच आठवड्यात कंपनीचा नवा लॅपटॉप बाजारात आला. आत प्रोसेसर जुनाच. रंग तेवढा नवा होता, त्याचं नाव 'पहाटेचं धुकं'. संतप्त बगळ्यानं दीड पान लिहिलं. यू-आनलाही आता राहवेना. दिवसभर तेच तेच अमूल्य लिहून त्याचंही डोकं उठलं होतं. त्यानं आयुष्यातलं पहिलं स्वतःचं वाक्य लिहिलं, 'साहेब, वाट बघू नका. पुढच्या वर्षीही हाच प्रोसेसर येणार. दुसऱ्या कंपनीचा घ्या.'

पुढच्या रविवारी तो कौतुक ऐकायच्या तयारीनं जेवायला बसला. गुरुजी लालबुंद झाले होते.

"पगार यांचा घेतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवतो. असली माणसं पोसता तुम्ही?"

"पण बाबा, खरं तेच लिहिलं ना त्यानं?"

"खरं घरी बोलावं. तू तिथे मरमर लॅपटॉप बनवायचे आणि या गाढवानं ते बुडवायचे? मी थेट वरिष्ठांना लिहिलंय, याला काढाच."

वरिष्ठांनी ती तक्रार प्रथेप्रमाणे न वाचता 'संबंधित विभागाने लक्ष घालावे' असा शेरा मारून खाली पाठवली. ती यू-आनच्याच समोर आली. त्यानं डबा खाता खाता स्वतःची चौकशी केली, स्वतःला दोषी धरलं आणि उत्तर लिहिलं, 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन सदर कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे.'

रविवारी गुरुजींनी हे उत्तर अगदी हळू वाचलं. मग ते जेवायच्या काड्या भातात नुसत्या फिरवत राहिले.

"लगेच काढला?"

"तुम्हीच लिहिलंत ना, काढा म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"असं सगळेच लिहितात. दोन वर्षं प्रोसेसर बदला म्हणून लिहितोय, तो बदलला का यांनी? माणूस बरा बदलता येतो." त्यांनी काड्या खाली ठेवल्या. "कुणाचा तरी जावई असेल बिचारा. घरी अजून सांगितलंही नसेल त्यानं."

"नसेल, बाबा."

"यू-आन, तुझ्या हाताखाली लावून घे त्याला. वेंधळा आहे, पण खोटं बोलणारा नाही. तुझ्याजवळ राहून काम शिकेल."

"बघतो, बाबा," यू-आन म्हणाला.

शिउ-लान सूप आणते म्हणून उठली, ती स्वयंपाकघरातून बराच वेळ बाहेर आलीच नाही.